बाळंतिणीच्या गोधडीवरचा डाग

मारुतीच्या पारासमोर त्या दिवशी जे जमलं होतं त्याला जत्रा म्हणावं की धोबीघाट, सांगणं कठीण होतं. जो तो आपापलं अंथरूण बगलेत मारून आला होता. चादरी, सतरंज्या, उशांचे अभ्रे, ठिगळांवर ठिगळं लावलेल्या जुन्या गोधड्या. एका हौशी गड्यानं तर कापसाची अख्खी गादीच ट्रॅक्टरमध्ये टाकून आणली होती. शिरपूरहून ऑटो भरून येत होते, जऊळक्याच्या स्टेशनावर उतरलेली माणसं पायी येत होती, आणि पोरं मोबाइल उंच धरून लिंबाच्या झाडावर चढली होती. मधोमध सुतळीची बाज, बाजेपलीकडे पांढराशुभ्र मंडप आणि मंडपात त्याहून पांढरे शुभ्रानंद महाराज.

महाराजांची ख्याती अशी की ते अंथरुणावरून घराचं पाप ओळखतात. शिष्यानं माइक तोंडाशी धरला की त्यांचा पट्टा सुरू. "माणूस खोटं बोलेल, साक्षीदार फिरेल, पण अंथरूण खोटं बोलत नाही. जन्म अंथरुणावर, मरण अंथरुणावर, मग पाप काय वाऱ्यावर पडेल?" एवढं झालं की तांब्यातलं पाणी ते बाजेवरच्या कापडावर शिंपडत. पाणी दिसायला पाण्यासारखंच होतं. पण बघता बघता चांगल्या स्वच्छ अंथरुणावर लाल डाग वर येई. तीर्थात गुलाल कालवावा तसा तो पसरत जाई, आणि लोक श्वास रोखून धरत. मग महाराज लिंबू कपाळाला लावून डागावर पिळत, काहीतरी पुटपुटत, आणि लाल डाग विरून जाई. जन्मभर सोडा, ब्रश आणि दगडावरची आदळआपट करून ज्या बायांनी डागांशी झटापट केली होती, त्यांना हे पाहून भोवळ यायचीच बाकी राहिली होती.

एका म्हातारीनं मात्र त्यातही व्यवहार पाहिला. नातवानं ट्रॅक्टरचं ग्रीस फासून ठेवलेली चादर तिनं पुढे केली. महाराजांनी ती दोन बोटांनी बाजूला सारली. हा देहाचा डाग आहे, आत्म्याचा नव्हे, याला साबण लावा, असं सांगून त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. लोकांना त्यातही महाराजांचा मोठेपणाच दिसला. दिसणारच होता, तेवढ्यासाठी तर सगळे आले होते.

रांगेत सोजरबाई उभी होती. तिच्या काखेत घडी घातलेली एक गोधडी होती, आणि ती तिनं अशी धरली होती की बघणाऱ्याला वाटावं आत लेकरू आहे. लेकरू नव्हतं. पौषातल्या थंडीत ते गेलं होतं, जेमतेम सव्वा महिन्याचं होऊन.

सोजरबाईच्या सुनेला, ज्योत्स्नाला, आई नव्हती. रिसोडकडच्या माहेरी एकटा बाप, भागवत. तो बाळंतपण कसं करणार? म्हणून सोजरबाईनं रिवाज बाजूला ठेवून सुनेचं पहिलं बाळंतपण आपल्याच घरी केलं, आणि असं केलं की गल्लीनं नाव काढावं. इंद्रभाननं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, वावरातली हळद निवडून आणली. सोजरबाईनं ती स्वतः दळली, तेलात कालवली आणि रोज सकाळी सुनेला नि नातीला डोक्यापासून पायापर्यंत चोळली. ज्योत्स्ना ओशाळायची. सोजरबाई म्हणायची, गप पडून राय, तुही माय असती तर तिनं नसतं का केलं? त्या दोघींसाठी तिनं गोधडीही नवी शिवली होती. आत आपल्या जुन्या लुगड्यांचे पदर आणि वर इंद्रभानचं मऊ झालेलं पांढरं धोतर, लेकराला टोचू नये म्हणून.

मग नात तापली. छाती भरली, श्वास घरघर वाजू लागला. दवाखान्यात नेऊ, असं ज्योत्स्ना पहिल्याच दिवशी म्हणाली होती. सोजरबाईनं ओव्याचा शेक दिला, हिंग लावला, आणि ओल्या बाळंतिणीनं थंडीत वाशीमला जायचं नाही म्हणून अडवलं. उतरंल, अशी तिला खात्री होती, कारण विकासचं लहानपणी उतरलं होतं. विकासनं, तिच्या लेकानं, शेवटी गाडी काढली तेव्हा लेकराच्या ओठांचा रंग बदलला होता. वाशीमच्या डॉक्टरनं न्युमोनिया सांगितला, आणि मान खाली घालून एवढंच विचारलं की आधी का नाही आणलं.  तो प्रश्न सोजरबाईच्या छातीवर दगडासारखा बसून राहिला.

त्यांच्याकडे बाळंतीण उठेपर्यंत तिच्या अंथरुणाला साबण लावत नाहीत. लेकरू गेल्यावर तर सोजरबाईच्यानं गोधडी पाण्यात घालवेना. त्यात नातीचा वास होता. ती गोधडी रोज माळवदावरच्या उन्हात टाकायची आणि संध्याकाळी घडी करून उशाशी घ्यायची. वऱ्हाडचं ऊन. वरचं धोतर पिवळं झालं होतं, ते हळूहळू पुन्हा पांढरं झालं. तिकडे कुणाचं लक्षही गेलं नाही.

तर आता ती गोधडी बाजेवर पसरली होती. महाराजांनी विचारलं, घरात कोण गेलं? गर्दीतल्याच कुणीतरी सांगून टाकलं की नात गेली. महाराजांनी डोळे मिटले, पाणी शिंपडलं, थोडं जास्तच ओतलं. पाणी मुरलं, आणि मग मधोमध, जिथे बाळंतीण नि लेकरू निजायचं तिथेच, लाल डाग वर आला. त्या दिवशीच्या सगळ्या डागांत तो मोठा होता. आईच्या अंगाची आकृती उठली म्हणून बाया रडू लागल्या.

"हे लेकरू दुखण्यानं गेलेलं नाही," महाराज माइकमध्ये म्हणाले. "हे आईच्या अंगाखाली गेलं. झोपेत. ती घरात आहे तोवर हा डाग माझ्यानंही निघायचा नाही."

ज्योत्स्ना मागे विकासजवळ उभी होती.  ती आपल्या हातांकडे पाहू लागली. विकासनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. आणि सोजरबाई? खरं ते सांगायला हवं. सोजरबाईच्या छातीवरचा दगड त्या क्षणी खाली उतरला. डॉक्टरचा प्रश्न आता तिला नव्हता. महाराजांनी तो उचलून दुसरीच्या छातीवर ठेवला होता. तिला इतकं हलकं वाटलं की तिनं तिथेच लोटांगण घातलं.

त्याच आठवड्यात विकासनं ज्योत्स्नाला मोटारसायकलवर बसवून बापाकडे सोडलं. जाताना तिनं फक्त गोधडी मागितली. सोजरबाईनं दिली नाही. महाराजांनी लिंबू पिळून डाग घालवला, घर शुद्ध झालं म्हणून जाहीर केलं, आणि शुद्ध झालेल्या घरात तिघं माणसं एकमेकांशी न बोलता जेवू लागली. भागवतचा एकदा फोन आला होता, इंद्रभाननं घेतला. पोरगी रात्री निजत नाही, सांगत होता. बसून राहते. झोप लागली की कुणीतरी आपल्या अंगाखाली येईल, असं तिला वाटतं. इंद्रभाननं फोन ठेवला आणि तंबाखूची डबी उघडून बसला, पण मळायचं विसरला.

महाराजांचा मुक्काम वाढत गेला. डागाच्या भीतीनं माणसं आता शेजाऱ्यांची अंथरुणं पळवून आणू लागली होती. आणि शाळेच्या मैदानात लेकरांनी एक नवा खेळ काढला. एकानं महाराज व्हायचं, एकानं पाणी शिंपडायचं, आणि एका पोरीला ज्योत्स्ना करून सगळ्यांनी रिंगणाबाहेर हाकलायचं. रोज त्याच पोरीवर राज्य येई. एक दिवस ती खरंच रडत वर्गात आली.

वैजयंती मॅडम त्या शाळेत विज्ञान शिकवत. वाशीमहून स्कूटीवर येत. रडणाऱ्या पोरीकडून त्यांनी खेळ समजून घेतला आणि त्याच संध्याकाळी सोजरबाईच्या दारात उभ्या राहिल्या. गोधडीवर आधी काय काय लागलं होतं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. सोजरबाईनं पाणीही विचारलं नाही. आमच्या घरच्या मयतीत शाळा नको, म्हणाली, आणि दार लावून घेतलं. परत फिरताना मॅडमची नजर बाजूला गेली. दाराशेजारी हळदीची पोती रचलेली होती.

पुढच्या बैठकीला मॅडमही अंथरूण घेऊन रांगेत आल्या. छोटीशीच गोधडी होती, वरून पांढरी. सोजरबाई त्या दिवशी पुढेच बसली होती. घर शुद्ध झालेल्या बाईला मंडपात मान होता. महाराजांनी विचारलं, घरात कोण गेलं? मॅडमनी मान खाली घातली. गर्दीला ते पुरे झालं, कुणीतरी हळहळलंही. पाणी पडलं. डाग वर आला, चांगला लालभडक.

महाराजांना त्या दिवशी सूर लागला होता. तीन पिढ्यांचं पाप आहे, म्हणाले. या गोधडीवर एक बाई तळमळून मेली आहे, तिचा आत्मा शिवणीत अडकला आहे, आणि हिच्या सासरच्यांनी ते लपवलं आहे.

"महाराज, माझं लग्न नाही झालं," मॅडम म्हणाल्या. "आणि ही गोधडी मी परवा शिवली. वरचं कापड वाशीमच्या दुकानातलं, कोरं. हिच्यावर अजून मांजरसुद्धा झोपलं नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. महाराज म्हणाले, अश्रद्धेचा डाग असाच उठतो. मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून ब्लेड काढलं, सगळ्यांसमोर शिवण उसवली आणि आतला थर बाहेर ओढला. आतलं कापड पिवळंजर्द होतं, हळदीत बुडवून वाळवलेलं. मग त्यांनी पुढे बसलेल्या इंद्रभानकडे खाण्याचा चुना मागितला. पेल्यात पाण्यात कालवला, गाळ खाली बसू दिला, आणि वरचं स्वच्छ पाणी त्या पिवळ्या कापडावर ओतलं. कापड लाल झालं. लिंबू पिळलं. लाल गेलं, पिवळं परत आलं.

"हळदीला चुना लागला की लाल, लिंबू लागलं की पुन्हा पिवळी," मॅडम म्हणाल्या. "यांच्या तांब्यातही हेच चुन्याचं निवळलेलं पाणी आहे." "कुंकू कशाचं करतात, हे मी तुम्हाला सांगायचं का? हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे इथल्या कोणत्या बाईला माहीत नाही? वरची हळद उन्हानं उडते, म्हणून दिसत नाही. आतल्या थरात ऊन पोचत नाही. आपल्या गावात हळद कोणाच्या घरात नाही? जो डाग दिसतो, तो यांना काढता येत नाही. ग्रीसची चादर यांनी परत केली. जो दिसत नाही, तो आधी स्वतः वर आणून दाखवतात आणि मग पुसतात."

 बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. खरंच की. कोणत्या बाईला माहीत नव्हतं? वर्षानुवर्षं याच हातांनी हळदीचे कपडे धुतले, लाल झालेले पाहिले, उन्हात टाकले. पण ते घरच्या मोरीतलं होतं. इथे माइक होता, मंडप होता, आणि प्रत्येकीच्या मनात कुणीतरी गेलेलं माणूस होतं. दुःखानं बावरलेल्या माणसाच्या हातचं ज्ञान असं सुटून पडतं, आणि असले महाराज नेमके तिथेच ओंजळ धरून बसलेले असतात.

महाराज काही शाप देऊन उठले, शिष्यांनी जीप लावली. काही माणसं महाराजांवर चिडली. त्याहून जास्त मॅडमवर चिडली, कारण फसलो हे चारचौघांत कळणं फसण्याहून झोंबतं. सोजरबाई कुणावरच चिडली नाही. ती उठली आणि घराकडे चालू लागली.

घरी येऊन तिनं नातीची गोधडी मांडीवर घेतली. शिवण उसवायला वेळ लागला. तिचीच शिवण, बारीक नि घट्ट. वरचं धोतर बाजूला केलं. खाली तिच्या लुगड्याचा पदर होता, आणि तो पदर आजही पिवळा होता. तेल मुरलेलं होतं, हळदीचा वास होता, आणि त्या वासाच्या आत अजून थोडीशी नात होती.

महाराजांनी दाखवलेला सुनेचा डाग तो हाच. सोजरबाईच्याच हातची हळद, रोज सकाळची, मायेनं चोळलेली. ज्या जागी माया जास्त लावली होती, तिथे डाग जास्त लाल उठला होता.

आणि मग तिला ते आठवलं. विसरली नव्हतीच ती, फक्त बाजूला ठेवलं होतं. शेवटच्या त्या पहाटे ती उठून पाहून आली होती. ज्योत्स्ना भिंतीला टेकून बसली होती, लेकरू खांद्यावर होतं, आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. निजलीच नव्हती. हे सोजरबाईनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलेलं तिनं खोटं मानलं आणि तांब्यातल्या पाण्यानं सांगितलेलं खरं धरलं, कारण ते सोयीचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती एकटीच निघाली. विकास येतो म्हणाला. तू मांगून ये, तिनं सांगितलं, मले आधी बोलू दे.

भागवतच्या घरी ज्योत्स्ना ओसरीवर बसली होती. निम्मी झाली होती. सासूला पाहून उठली, पदर सावरला, पाणी आणून दिलं. सोजरबाईनं पाणी बाजूला ठेवलं, गोधडी पसरली, उसवलेला पदर दाखवला. स्वतःच्या नेसत्या पदराला बांधून आणलेल्या चुन्याचं पाणी करून तिनं थेंब टाकला. लाल झालं. लिंबू पिळलं. गेलं. भागवत दारात उभा राहून बघत होता.

"हे रगत नोय, पोरी. हे माही हयद हाय," सोजरबाई म्हणाली. "मीच तुले लावत होती."

ज्योत्स्नानं त्या कापडावरून बोट फिरवलं. मग तिनं हळूच विचारलं, "मंग मी झोपली नवती न, आत्याबाई?"

सोजरबाईला वाटलं होतं पोरगी भांडेल, शिव्या देईल. त्याची तयारी करून ती आली होती. या प्रश्नाची नव्हती.

"नाही, माय. मी पाह्यलं होतं. तू भितीले टेकून जागीच होती. लेकरू तुह्या खांद्यावर होतं."

"सारे म्हनत होते. मले बी वाटाले लागलं का डोया लागला असंन. आठवून आठवून पाह्यलं. आठवतच नवतं."

"तुह्यानं नाही गेलं थे. छाती भरून गेलं. तू दवाखान्यात चाला म्हनत होती, मी जाऊ देलं नाही. डाग लागलाच असंन, तं थो मले."

ज्योत्स्ना त्या दिवशी पहिल्यांदा रडली. लेकरू गेल्यापासून पहिल्यांदा, असं भागवत नंतर सांगत असे. सोजरबाईनं जवळ घ्यायला हात पुढे केला. ज्योत्स्नानं तो झिडकारला नाही, पण त्या हातात आलीही नाही. रडणं थांबल्यावर ती म्हणाली, "तुमी समद्याईनं पान्याले इचारलं. मले काहून नाही इचारलं? मी तं तिथंच उभी होती."

  पारासमोर बसलेल्या त्या शेकडो माणसांपैकी एकानंही तिला विचारलं नव्हतं.

घरी येशील का, हे सोजरबाईनं विचारलं नाही. विचारायचा हक्क आपण घालवला, एवढी अक्कल तिला उशिरा का होईना आली होती. ज्योत्स्नानं गोधडी ठेवून घेतली. त्या रात्री ती तिच्यावर आडवी झाली आणि झोपली, असा भागवतचा निरोप आला. विकास नंतर जाऊ लागला, ओसरीवर बसून येऊ लागला. अजून तरी ती आलेली नाही. येईल की नाही, तिचं तिला ठाऊक, आणि तिनं काय करावं हे तिला सांगायला कुणी जाऊ नये.

शुभ्रानंद महाराज आता तिकडे कारंजा तालुक्यात बसतात म्हणे. तिथेही अंथरुणं जमतात. आपल्या गावात कुणी त्यांचं नाव काढलं तर सोजरबाई चुना, हळद आणि लिंबू घेऊन बसते, करून दाखवते. लहान लेकरू तापलं, श्वास लागला, छाती आत ओढू लागली असं कानावर आलं, तर ती शेक देऊ देत नाही. स्वतः ऑटो बोलावते. मॅडमसारखं बोलणं तिला येत नाही. ती बायांना एवढंच म्हणते, "गोधडीले काय इचारता? जीव गेला तं डाक्टरले इचारा कायनं गेला. आन् घरची पोरगी समोर उभी असंन, तं आधी तिले इचारा."